डावरीचे आटे

फोन वाजला तेव्हा ती नकाशातल्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर लाल रेघ मारत होती. रेघ निम्म्यावर आली होती, पट्टी धरलेला उजवा हात हलवता येत नव्हता, म्हणून डाव्या हातातलं पेन दातांत धरून तिने रिसीव्हर खांद्याशी दाबला. पलीकडे पाणीपुरवठ्याचा उपअभियंता होता. तो तळमजल्यावर बसायचा आणि एरवी काही हवं असलं तर जिन्यातून हाक मारायचा. आज मात्र त्याचा आवाज इस्त्री करून आणल्यासारखा होता. "मॅडम, एक विचारायचं होतं. जरा घरगुती आहे, राग मानू नका. तुमचं घरचं नाव डावरी का?"

पेन दातांतून निसटलं आणि पाचव्या मजल्याच्या स्वयंपाकघरात एक लाल थेंब पडला. सव्वादोन महिन्यांत हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. उच्चारणारा माणूस एकच होता. नाव गेलं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. चप्पल गेली, चष्मा गेला, सकाळचा खोकला गेला, हे सगळं तिने एकेक करून मोजलं होतं, पण आपल्याला हाक मारायचा एक शब्दच जगातून कमी झालाय हे तिला आत्ता कळलं, तेही परक्या तोंडून. "हो," ती म्हणाली, "का?" तो घुटमळला. "वडिलांच्या वह्यांत आहे. रोज आहे. पाण्याच्या नोंदी चालल्यात आणि मध्येच डावरी आज अशी, डावरी आज तशी. तुम्ही खाली येता का? चारच्या सभेआधी बोललेलं बरं."

चारची सभा कशाची हे इमारतीतल्या पायपुसण्यालाही ठाऊक होतं. तलावात पाणी इतकं खाली गेलं होतं की बुडालेला जुना रस्ता वर आला होता, त्याच्या मधला पांढरा पट्टासुद्धा दिसत होता, आणि सुट्टीच्या दिवशी लोक त्या रस्त्यावर फिरायला जात होते. नगरपालिकेसमोर दोन गोष्टी होत्या: सगळ्या शहराला एक दिवसाआड पाणी, आणि तलाव भरेपर्यंत तीन मजल्यांच्या वर नव्या बांधकामाला परवानगी नाही. दुसऱ्या गोष्टीमुळे तिच्या टेबलावर गेले पंधरा दिवस नकाशांची चळत वाढत होती. ज्याला त्याला सभेच्या आधी आपला सातवा मजला कागदावर चढवून घ्यायचा होता. ती बांधकाम परवानगी खात्यात नकाशे तपासायची. बाबा असते तर जेवताना म्हणाले असते, तुम्ही वर बसून मजले चढवा आणि मी खाली वाकून पाणी चढवतो. मी चावीवाला आहे का सर्कसवाला? ते खरंच चावीवाले होते. शहराच्या पोटातले बावन्न व्हॉल्व्ह उघडायचे आणि मिटायचे, कमरेइतक्या उंच लोखंडी चावीने, आटे मोजत. साठीला निवृत्त झाले तरी खात्याने त्यांना सोडलं नाही, कारण कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत बादली भरते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सहा वर्षं ते मानधनावर जात राहिले. त्या सकाळीही निघाले होते. एक बूट घालून झाला होता.

तळमजल्यावर, उपअभियंत्याच्या टेबलावर सहा वह्या होत्या, जाड पुठ्ठ्याच्या, दोरीने बांधलेल्या. बाजूला नवा चावीवाला उभा होता. पंचेचाळिशीचा, बागांच्या खात्यातून बदली होऊन आलेला शांत माणूस. तो तिला पाहून जरा मागे सरला, जागा करून दिल्यासारखा. भिंतीवरच्या नकाशात खालची वस्ती पेन्सिलीने घेरलेली होती. तिची वस्ती. ती लहानाची मोठी झाली ते घर त्या वर्तुळात तीळभर जागेत होतं.

"नीट सांगतो," उपअभियंता म्हणाला. "छापखान्याच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह, नंबर एकोणचाळीस. त्यातून खालच्या वस्तीला पाणी जातं. दहा दिवसांपूर्वी कपातीची चाचणी म्हणून आम्ही तो आणखी मिटवला. पाणी कमी व्हायला हवं. मीटरवर वाढलं."

"मग?"

"मग पूर्ण बंद केला. आणखी वाढलं."

"टक्कन लागला हो ताई," नवा चावीवाला मध्येच बोलला. "पुढे केसभर जाईना. बंद म्हणजे ठार बंद. आणि पाणी आपलं चाललंय धो धो. बागेत असं कधी झालं नाही माझ्याकडे."

"अर्थ एकच निघतो," उपअभियंत्याने चष्मा काढला. "व्हॉल्व्हला वळसा घालून जाणारी चोरलाइन आहे. कधीची आहे, कुणी टाकली, माहीत नाही. म्हणून या वह्या काढल्या. एकावन्न व्हॉल्व्ह त्यांनी नंबराने लिहिलेत, रोजच्या रोज. एकोणचाळीस नंबरबद्दल अवाक्षर नाही. पहिल्या वहीची दोरी सुटली नाही, बाकी पाचांत एकदाही नाही. माणूस एवढं लिहितो आणि नेमकं तेच लिहीत नाही, तेव्हा..." तो थांबला. "तुमच्याबद्दलच्या ओळी मी सोडून दिल्या. घरचं ते घरचं. पेन्सिलीने खूण केलीय, म्हणजे पुन्हा डोळ्यांखाली येऊ नयेत."

आजच्या ठरावात त्यामुळे तिसरं कलम आलं होतं. खालच्या वस्तीला तीन दिवसांनी एकदा पाणी. तिथल्या सगळ्या परवानग्या बंद, दुरुस्तीच्यासुद्धा. आणि संबंधित कर्मचाऱ्याच्या कामाची चौकशी. "नाव घातलेलं नाही," तो घाईने म्हणाला. "संबंधित कर्मचारी एवढंच." ती नकाशातल्या वर्तुळाकडे बघत होती. "तो कर्मचारी गेला," ती म्हणाली. मग तिने वह्या मागितल्या. दोन तासांसाठी. त्याने नियम आठवून पाहिला, सापडला नाही, आणि दोरीसकट वह्या तिच्या हातात दिल्या.

ती वर आली नाही. जिन्याखाली जुन्या नकाशांची खोली होती, तिथे जाऊन बसली. गुंडाळलेल्या नकाशांना एक थंड वास असतो, शाई आणि कापूर आणि उंदीर यांचा मिळून, आणि त्या वासात तिला नेहमी बरं वाटायचं. आज वाटेना. गेल्या दहा दिवसांत घरचा नळ कसा धो धो वाहत होता ते तिला आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा. दोन घरं सोडून शाळांचे गणवेश शिवणारी मावशी राहायची. नात्याने काही नाही, तोंडाने मावशी. तिने अंगणात पाइप धरून आरोळी ठोकली होती, "बघ गं, तुझा बाप वर गेला तरी आपलं खातं त्याच्याकडेच आहे! वरून सोडतोय!" सगळ्या बायका हसल्या होत्या आणि तीही हसली होती, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडून नुसती उभी राहिली होती, हातावर तो जाड, गार, मनगटाएवढा प्रवाह घेऊन. तिला वाटलं होतं, काहीतरी राहिलंय अजून. माणूस गेला तरी त्याच्या हातचं येत राहतं. रडू आलं नव्हतं, उलट पोट भरल्यासारखं झालं होतं. आणि आता कोणी सांगत होतं की ते पाणी चोरीचं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे क्षणभर तिला ते पटलं. माणूस आपल्या वस्तीसाठी एक नळी टाकू शकतो. त्यात काय मोठं? चांगली माणसंच असलं करतात. पण मग आई आठवली, नळाखाली हंडा तिरका धरून उकिडवी बसलेली, गावाला पाणी पाजतोस आणि घरचा नळ खोकतो, अशी रोज सकाळी बोलणारी. आणि बाबा दाढी करता करता आरशातून म्हणायचे, खोकतो तर खोकू दे, जिवंत आहे ना. एवढी वर्षं चोरलाइन असती तर आईला एवढी वाक्यं बोलायला लागली नसती.

तिने शेवटची वही आधी उघडली. शेवटचं आधी पाहायची तिला सवय होती, नकाशातही ती वरच्या मजल्यापासून खाली यायची. बाबांचं अक्षर उभं, कोरडं, एकमेकांपासून अंतर ठेवून उभ्या राहिलेल्या माणसांसारखं. जाण्याच्या आदल्या दिवशीची नोंद: सातचा पूर्ण, बाराचा दहा आटे, वीसला गळती, पॅकिंग बदलावं. आणि खाली, पेन्सिलीच्या खुणेशेजारी: डावरी निम्मी. बरी आहे. ती ओळ तिने कितीतरी वेळ वाचली. मागचं पान. डावरी निम्मी. त्याच्या मागचं. डावरी निम्मी, आवाज नाही. महिनेच्या महिने. बाबांनी तिला तोंडावर कधी काही म्हटलं नव्हतं. लग्न करून गेली तेव्हा नाही, चौदा महिन्यांनी एक सुटकेस घेऊन परत आली तेव्हाही नाही. त्यांनी दार उघडलं होतं, सुटकेस आत घेतली होती आणि विचारलं होतं, जेवलीस का? एवढंच. तिला वाटत आलं होतं की न विचारणं हा त्यांचा मोठेपणा. आणि आता कळत होतं की रोज कामाला निघाल्यावर, रस्त्याच्या कडेला वही मांडीवर घेऊन, ते तिचं माप लिहीत होते. निम्मी. तिला राग आला नाही. नकाशात कोणी खोलीचं क्षेत्रफळ अचूक काढलं की वाटतं तसं वाटलं, की हो, एवढंच आहे खरं. तरी तो शब्द बोचत राहिला. सोललेल्या नखासारखा.

ती मागे मागे जात राहिली. आता ती आपल्या आयुष्याच्या तारखा शोधत होती, आणि शोधणाऱ्याला सापडतंच. बारावीत गणितात नापास झाली त्या आठवड्यात: डावरी रुसली. फिरेना. तेल घातलं, थांबलो. संध्याकाळी वळली. ते वाचून तिच्या तोंडातून आवाज निघाला. खरंच वळली होती. खोलीचं दार लावून बसली होती दिवसभर, आणि बाबा बाहेर उंबऱ्यावर बसून सायकलच्या साखळीला तेल घालत होते, तासन्तास, एवढं तेल कुठल्या साखळीला लागत नाही. आईच्या आजारपणात: डावरीकडे लक्ष देता आलं नाही. लग्नाच्या आधीच्या महिन्यात, जेव्हा बाबा पहिल्यांदाच लांबची रजा घेणार होते, एक अख्खं पान होतं. वर अधोरेखित केलं होतं, नव्या माणसासाठी. ती हसली. जावयाला सूचना! खात्याच्या वहीत! त्या गृहस्थाने ही वही वाचली असती तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात आलं. पहिली ओळ होती: डावरीवर जोर करू नये. दुसरी: ती उलटी नाही, तिचं तेच सरळ आहे. तिसरी: उजवीकडे ओढली की उघडत जाते, डावीकडे मिटते. आणि चौथी ओळ, शेवटची: कायम अठरा आटे ठेवावी, छत्तिसातली निम्मी, म्हणजे वरच्यांना आणि खालच्यांना सारखं.

अठरा आटे. माणसाचे आटे ढिले होतात, मोजता येत नाहीत. तिने ती चार वाक्यं पुन्हा वाचली, मग बोटाने वाचली, मग पहिली वही ओढली, दोरी सुटेना म्हणून दाताने तोडली. एकोणतीस वर्षांपूर्वीची, उन्हाळ्यातली नोंद होती. एकोणचाळीस नंबर नवा बसवला. दुसऱ्या कारखान्याचा आहे, उलटा फिरतो. माणसं घोटाळतील. आमच्या घरीही एक अशीच आहे. नाव डावरी ठेवलं.

म्हणजे ती नव्हती. सहा वह्यांत ती कुठेच नव्हती. रुसली ती ती नव्हती, वळली तीही नव्हती, निम्मी होती ती रस्त्याखालची एक लोखंडी वस्तू होती. गेल्या तासाभरात तिला जे सगळं मिळालं होतं ते क्षणात काढून घेतल्यासारखं झालं. उंबऱ्यावरचं तेल हे नुसतं साखळीचं तेल झालं. मांडीवर वही होती, हातात दोरीचा तुकडा. आणि मग हळूहळू, मिटलेल्या पाइपात पाणी परत येताना आधी हवा खाकरते तसं, काहीतरी वर यायला लागलं. शाळा. ती सात वर्षांची. वर्गशिक्षिका तिच्या डाव्या हातावर पट्टी मारायची, रोज, न चुकता, रागाने नाही, फडकं मारल्यासारखी. आईने डाव्या हाताला रुमाल बांधून पाहिला होता. एक दिवस बाबा कामाच्या कपड्यांत शाळेत आले, गुडघ्यांना चिखल लागलेला, आणि वर्गाच्या दारात उभं राहून म्हणाले, "बाई, आमच्या लाइनीतही एक आहे अशी. जबरदस्तीने उजवीकडे फिरवली तर वस्ती बुडेल. तिच्या कलाने घ्या, पाणी पूर्ण देते." वर्ग खो खो हसला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून पट्टी थांबली. ही गोष्ट ती विसरली नव्हती. बाबांचा एक विनोद म्हणून तिच्याकडे ती होती. विसरली होती ती त्यानंतरची दुपार. बाबा तिला छापखान्याच्या कोपऱ्यावर घेऊन गेले. झाकण सरकवलं. आतून ओल्या लोखंडाचा वास आला, तोंडात नाणं धरल्यासारखा. त्यांनी तिचे दोन्ही हात चावीच्या आडव्या दांडीवर ठेवले आणि म्हणाले, मीट. तिने मनाला येईल तिकडे, डावीकडे, जोर लावला, आणि ते वळलं. "बघ," बाबा म्हणाले, "माझी अख्खी गँग आठ दिवस चुकतेय. तुझी बहीण आहे ही." बहिणीला माणूस कसा विसरू शकतो? एकोणतीस वर्षं ती त्या झाकणावरून चालत होती, आधी शाळेला, मग ऑफिसला.

उपअभियंता डबा उघडून बसला होता. तिने वही त्याच्यासमोर, डब्याच्या झाकणावर ठेवली. त्याने पान वाचलं, मग पहिली वही वाचली, मग पुन्हा पान. "पण शहरातला प्रत्येक व्हॉल्व्ह उजवीकडे बंद होतो," तो म्हणाला, "नियम आहे तसा." "हा नियमाच्या आधी आला असेल," ती म्हणाली. नवा चावीवाला मान वेळावून वाचत होता. एकदम त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "आईशप्पत. म्हणजे मी बंद बंद म्हणत उघडत गेलो? आणि टक्कन लागला तो पूर्ण उघडून लागला?"

"घरचं म्हणून सोडून दिलं मी," उपअभियंता पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. "सभ्यपणा केला. सभ्यपणाच नडला." त्याने डबा तसाच टाकून छत्री घेतली. उन्हाची.

अडीच वाजता छापखान्याच्या कोपऱ्यावर रस्ता तापून मऊ झाला होता. आतून यंत्राचा ठेका ऐकू येत होता. झाकण सरकलं आणि वास आला, तोच. नव्या चावीवाल्याने चावी बसवली आणि बाजूला झाला. "तुम्हीच घ्या ताई. माझा हात आता माझंच ऐकायचा नाही." ती पुढे झाली. दांडीवर तिच्या पंजांच्या जागी लोखंड गुळगुळीत झालेलं होतं, एकाच माणसाच्या हाताने इतकी वर्षं. तिने डावीकडे जोर लावला. काही हललं नाही. आणखी लावला. उपअभियंत्याने घड्याळ पाहिलं. अठ्ठेचाळीस मिनिटं राहिली असतील सभेला, किंवा ऐंशी, तिला मोजता येईना. हे वळलं नाही तर बाबांचं नाव आज संध्याकाळी एका कलमात पुरलं जाणार होतं आणि तिथून ते कुणीच उकरून काढणार नव्हतं. मग ती थांबली. जोर करू नये. "तेल आहे?" तिने विचारलं. होतं. ते खाली सोडलं. "आता?" उपअभियंता म्हणाला. "आता थांबायचं." तिघंही उन्हात, छत्रीच्या एका वर्तुळात थांबले. तिला उंबऱ्यावरची ती सायकल आठवली, आणि तिला वाटलं की बाबांना हे एकीकडून शिकता आलं असेल आणि दुसरीकडे वापरता आलं असेल. आधी कोण, लोखंड का मुलगी, हे विचारण्यात काही अर्थ नाही. तिने पुन्हा हात लावला. डावरी वळली. अंगावर शहारा येईल इतकी सहज. एक. दोन. नवा चावीवाला मोठ्याने मोजायला लागला. उपअभियंता मीटरवरच्या माणसाशी फोनवर बोलत होता: "किती? ... उतरतंय? ... नीट बघून सांग, उतरतंय ना?" तिने चावीच्या वरच्या टोकाला कान लावला, बाबा लावायचे तसा. आत गर्दीचा आवाज होता, सभा उठल्यावर होतो तसा. अकरा. बारा. गर्दी पांगत गेली. सतरा. अठरा. तिथे एक बारीक, एकसारखा सूर राहिला, कुणीतरी काम करता करता नाकाने गुणगुणावं तसा. ती थांबली. हात काढवेना.

घरी जाताना मावशी अंगणात भेटलीच. हातात पाइप, पाइपाच्या तोंडाशी करंगळीएवढी धार. "काय गं, काय केलंस? आत्ता होतं की धो धो!"

"ते चुकून येत होतं मावशी. वरच्या लोकांचं होतं. व्हॉल्व्ह उलटा फिरवलेला."

"वा! बापाने दिलं आणि लेकीने काढून घेतलं. अगं, दहा दिवस तरी डोळे मिटून घ्यायचेस."

"बाबांनी दिलं नव्हतं. बाबा निम्मंच ठेवायचे. कायम."

मावशीने पाइपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो," ती म्हणाली, "हीच धार त्याची. ही खोकणारी." आणि मग आवाज उतरवून, "मी उगाच वाटेल ते बोलत होते गं, वरून सोडतोय बिडतोय. तो असता तर म्हणाला असता, मावशी, पाइप गुंडाळा, बादली घ्या." तिने खरंच पाइप गुंडाळायला घेतला. "आणि एक दिवसाआड होणार म्हणतात, ते सगळ्यांना ना? वरच्यांनाही?" "सगळ्यांना." "मग होऊ दे. सगळ्यांना असलं की तहान कमी लागते."

सभेत ती नव्हती. नंतर कळलं की उपअभियंता उभा राहिला आणि दोनच वाक्यं बोलला: नोंद वाचण्यात माझी चूक झाली, तिसरं कलम मी मागे घेतो. कोणीतरी विचारलं, चूक कशी? तो म्हणाला, मला वाटलं ते घरचं आहे. यावर हशा झाला म्हणतात. पहिली दोन कलमं चर्चेने, भांडणाने, शेवटी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाचव्या मजल्यावरची अर्धी राहिलेली रेघ पूर्ण केली. स्वयंपाकघरातला लाल थेंब सुकून तांबूस झाला होता. तो तिने खोडला नाही. चळतीत मावशीचीही एक फाइल होती, शिलाईच्या यंत्रासाठी वर एक खोली, तीन मजल्यांच्या आतली, म्हणजे आता अडचण नव्हती. तिचा नंबर तेरावा होता. तिने तो तेरावाच ठेवला. त्यात तिला काही विशेष केल्यासारखं वाटलं नाही. हात आपोआप तिथे थांबला, अठराव्या आट्यावर थांबावा तसा. आणि त्या थांबण्यात तिला कुणाचा तरी हात आपल्या हातावर जाणवला, ओझं न टाकता ठेवलेला. एवढं कुणी कुणाला देऊन जातं, तेही आपण देतोय असं न दाखवता, हे तिला आजवर माहीत नव्हतं. आभार मानायला माणूस नव्हता. पण आभार होते. ते कुठे ठेवायचे तेही तिला समजत नव्हतं, म्हणून ती काम करत राहिली, डाव्या हाताने.

चार दिवसांनी उपअभियंता स्वतः जिना चढून वर आला. वह्यांतल्या डावरीच्या सगळ्या ओळी त्याने एका तक्त्यात उतरवल्या होत्या, तारखेवार, आट्यांसकट, नव्या चावीवाल्याला लावायला द्यायच्या म्हणून. आता तो एकही ओळ सोडत नव्हता. पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. "सगळं बसलं," तो म्हणाला. "दर ठिकाणी निम्मी तरी आहे, नाहीतर आटे तरी आहेत, नाहीतर तेल. एकच ओळ बसत नाही. व्हॉल्व्ह त्या दिवशी काढला नव्हता, बसवला नव्हता, मी कामांची यादी पाहिली. ही कशात धरू?" त्याने वही तिच्यासमोर ठेवली आणि बोट लावलं. सात वर्षांपूर्वीची तारीख होती. तिला तारीख वाचायची गरज नव्हती, त्या दिवशी हातात धरलेल्या सुटकेसच्या मुठीची कड अजून तळव्यात होती. खाली, बाकीच्यांपासून अंतर ठेवून, त्या उभ्या कोरड्या अक्षरात लिहिलं होतं: डावरी परत आली. आटे मोजले नाहीत.

तिने वही मिटली नाही. पान आपल्याकडे थोडं वळवून घेतलं.

"ती घरची आहे," ती म्हणाली. "तेवढी सोडून द्या."